साथीच्या काळातील पुरवठा व मानोऱ्याचा कास्तकार

मार्च महिन्याच्या अखेरीस मानोरा तालुक्यातील कास्तकाराचे घर मालाने भरलेले असते, पण हाती पैसा नसतो. तूर झोडपून झालेली असते, हरभरा खळ्यात आलेला असतो, गहू कापणीस आलेला असतो आणि भाव वाढेल या आशेने राखलेला कापूस घरातील एका खोलीत आढ्यापर्यंत रचलेला असतो. या मालाचे पैसे करावेत, जुने पीककर्ज फेडून नवे उचलावे आणि मृगाच्या पावसापूर्वी बी-खत घरात आणून ठेवावे, असा हा दरवर्षीचा क्रम होय. सन २०२० मध्ये नेमक्या याच वेळी, २४ मार्चच्या रात्री, कोरोनाच्या साथीस आळा घालण्यासाठी देशभर २१ दिवसांची टाळेबंदी जाहीर झाली व ती पुढे वाढत गेली. रस्ते बंद झाले, आठवडी बाजार बंद झाले, परंतु शेतातील पीक आणि येणारा पावसाळा हे काही कोणासाठी थांबणारे नव्हते.

या काळात जनतेस अन्नधान्य मिळत राहावे, शेतीची कामे अडू नयेत व लहानमोठे धंदे बुडू नयेत यासाठी केंद्र व राज्य शासनाने अनेक उपाय योजले. त्यांपैकी कोणते उपाय गावापर्यंत सुरळीत पोचले, कोणते वाटेत अडले आणि का अडले, याचा विचार आता शांतपणे करता येण्यासारखा आहे. तो केला असता एक गोष्ट स्पष्ट दिसते. संकट आल्यावर शासनाची मदत नव्या वाटेने येत नाही. शिधापत्रिका, बँकेचे खाते, सात-बारावरील पीकपेरा, बाजार समितीतील नोंद, रोजगार हमीचे जॉबकार्ड या आधीपासून असलेल्या वाटांनीच ती येते. ज्या घराची ही वाट आधी नीट असते त्या घरी मदत लवकर पोचते. ज्याची वाट तुटलेली असते, त्याला मंजूर झालेली मदतही ऐन वेळी मिळत नाही.

पूर्वीची साथ व आजची व्यवस्था

वऱ्हाडास साथीचा अनुभव नवा नाही. सन १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत मध्यप्रांत व वऱ्हाड हा देशातील सर्वाधिक हानी झालेल्या प्रांतांपैकी एक होता. त्या वर्षी पाऊसही कमी झाला होता. साथीचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबर या महिन्यांत, म्हणजे खरिपाची काढणी व रब्बीची पेरणी यांच्या ऐन हंगामात होता. घरोघर माणसे अंथरुणावर असताना शेतात राबण्यास कोणी नव्हते, आणि जे वाचले त्यांच्यापुढे धान्याच्या महागाईचे संकट उभे राहिले. साथ व टंचाई या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे दुसरी पहिलीस अधिक घातक करते, हा त्या वर्षाचा धडा होय.

सन २०२० मध्ये परिस्थिती निराळी होती. साथरोग अधिनियम हा १८९७ सालचाच कायदा राज्यात मार्च महिन्यात लागू करण्यात आला. परंतु त्याच्या जोडीस १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा, २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आणि २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा हे नंतरचे कायदे होते. मुखपट्ट्या व हात निर्जंतुक करण्याचे द्रव यांचा साठेबाजार होऊ नये म्हणून १३ मार्च २०२० रोजी या वस्तू ३० जूनपर्यंत अत्यावश्यक वस्तूंत घालण्यात आल्या. शासनाच्या कोठारांत धान्याचा साठा होता आणि गावोगाव रास्तभाव दुकान होते. १९१८ मध्ये यांपैकी काहीच नव्हते.

शेतीच्या कामास मोकळीक

टाळेबंदीच्या पहिल्या आदेशात शेतीच्या कामाचा पुरेसा खुलासा नव्हता. त्यामुळे सुरुवातीचे काही दिवस शेतावर जावे की नाही, मजूर आणावेत की नाहीत, याविषयी गावात संभ्रम होता. २७ मार्च २०२० च्या पुरवणी आदेशाने तो दूर केला. शेतकरी व शेतमजूर यांची शेतातील कामे, आधारभूत किमतीने होणारी खरेदी, बाजार समित्यांचे व्यवहार, बी-बियाणे, खते व कीटकनाशके यांची दुकाने, भाड्याने अवजारे देणारी केंद्रे आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी कापणीयंत्रे यांना त्याद्वारे सूट मिळाली. त्यानंतर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शेतीयंत्रांच्या सुट्या भागांची व दुरुस्तीची दुकाने आणि महामार्गांवरील मालमोटारींची दुरुस्तीगृहे यांनाही सूट देण्यात आली.

ही दुसरी सूट लहान वाटते, परंतु पुरवठ्याची साखळी कशी असते हे तिच्यावरून कळते. हरभरा काढण्याचे यंत्र चालविण्यास परवानगी आहे, पण त्याचा तुटलेला पट्टा विकणारे दुकान बंद आहे, अशी स्थिती झाली तर पहिल्या परवानगीचा उपयोग काय? मालमोटारीस जाण्याची मोकळीक आहे, पण माल उतरवून रिकामी परत येणारी मोटार नाक्यावर अडविली जाते, असे झाले तर तो चालक दुसरी खेप करणार नाही. म्हणून १५ एप्रिल २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत दोन चालक व एक मदतनीस यांसह सर्व मालमोटारींना, त्या भरलेल्या असोत वा रिकाम्या, मुभा देण्यात आली. १७ एप्रिल रोजी शेतमालासाठी वाहन शोधण्याच्या कामी ‘किसान रथ’ हे मोबाईलवरील साधनही केंद्र शासनाने सुरू केले.

मानोऱ्यास या वाहतुकीचे महत्त्व विशेष होते. ३० एप्रिल २०२० च्या यादीत वाशीम जिल्हा हिरव्या, म्हणजे त्या वेळी साथीपासून मुक्त समजल्या गेलेल्या क्षेत्रात होता. परंतु त्याच यादीत शेजारचे अकोला व यवतमाळ हे दोन्ही जिल्हे तांबड्या क्षेत्रात आणि अमरावती नारिंगी क्षेत्रात होते. मानोरा तालुका यवतमाळ जिल्ह्याच्या सीमेस लागून आहे. दिग्रस व दारव्हा या गावांशी त्याची रोजची देवघेव असते आणि १९९८ पर्यंत हा भाग अकोला जिल्ह्यात असल्यामुळे अकोल्याच्या पेठेशी त्याचा संबंध जुना आहे. म्हणजे तालुका स्वतः हिरवा, परंतु त्याला माल पुरविणाऱ्या वाटा तांबड्या, अशी ही स्थिती होती. कोणतेही गाव आपल्या वेशी बंद करून सुरक्षित राहू शकेल, पण फार दिवस पोट भरू शकणार नाही, हे यावरून ध्यानात यावे.

रास्तभाव दुकानातील धान्य

२६ मार्च २०२० रोजी प्रधानमंत्री गरीब कल्याण योजना जाहीर झाली. तिच्यानुसार अन्न सुरक्षा योजनेतील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मोफत, नेहमीच्या धान्याव्यतिरिक्त, प्रथम तीन महिन्यांसाठी देण्यात आले. पुढे ही मुदत नोव्हेंबरपर्यंत वाढविण्यात आली. प्राधान्य गटातील पाच माणसांच्या कुटुंबास नेहमीचे २५ किलो व मोफत २५ किलो, असे महिन्यास ५० किलो धान्य त्यामुळे मिळू शकले. मजुरी बंद पडलेल्या घरात या धान्याचे मोल काय होते, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि सर्व कुटुंबे प्राधान्य गटात नव्हती. वाशीम हा शेतकरी आत्महत्यांच्या प्रश्नामुळे ज्या १४ जिल्ह्यांत केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना ऑगस्ट २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते, त्यांपैकी एक जिल्हा होता. अशा शेतकरी कुटुंबास माणशी ५ किलो धान्य, गहू २ रुपये व तांदूळ ३ रुपये किलो दराने मिळत असे. मात्र वरील मोफत धान्य त्यांच्यासाठी नव्हते. या दोन्ही गटांत न बसणाऱ्या केशरी शिधापत्रिकाधारकांस राज्य शासनाने मे व जून २०२० या महिन्यांत माणशी ३ किलो गहू ८ रुपये दराने व २ किलो तांदूळ १२ रुपये दराने दिला. पाच माणसांच्या कुटुंबास या २५ किलोंसाठी २४० रुपये पडत.

शेजारशेजारच्या तीन घरांना तीन निराळ्या प्रकारे धान्य मिळाल्यामुळे अनेक ठिकाणी दुकानदारावर संशय घेतला गेला. काही ठिकाणी तक्रारी खऱ्याही असतील. परंतु पुष्कळदा कारण शिधापत्रिकेच्या नोंदीत होते. कोणाचे नवे सून-मूल नोंदलेले नव्हते, कोणाचा आधार क्रमांक जोडलेला नव्हता, तर कोणी विभक्त होऊनही जुन्याच पत्रिकेवर होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी गटवार दर व प्रमाण यांचा फलक चावडीवर लावला, तर असे निम्मे वाद उत्पन्नच होणार नाहीत. पुढे शेतकरी कुटुंबांच्या त्या सवलतीऐवजी २०२३ मध्ये रोख रक्कम देण्याचे ठरले आणि १ जानेवारी २०२३ पासून अन्न सुरक्षा योजनेतील धान्य मोफत झाले. नियम असे बदलत असतात. म्हणून ऐकीव माहितीवर विसंबून न राहता चालू आदेश पाहून सांगणे हे कार्यकर्त्याचे कर्तव्य आहे.

घरात अडकलेला कापूस

मानोऱ्याच्या कास्तकारापुढील सर्वांत बिकट प्रश्न कापसाचा होता. सन २०१९-२० साठी लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलला ५,५५० रुपये होती. भारतीय कपास निगम व राज्याचा कापूस पणन महासंघ यांची खरेदी टाळेबंदीमुळे थांबली आणि एप्रिलच्या उत्तरार्धात पुन्हा सुरू झाली तेव्हा तिचा वेग मंद होता. जिनिंग कारखान्यांतील मजूर आपापल्या गावी गेलेले होते. गाठी व सरकी यांचा उठाव नसल्याने ठेवण्यास जागा उरली नव्हती. गर्दी टाळण्यासाठी केंद्रावर रोज ठरावीक गाड्याच घेतल्या जात. त्यासाठी बाजार समितीकडे आधी नाव नोंदवून पाळीची वाट पाहावी लागे.

थांबणे किंवा मिळेल त्या भावाने विकणे, एवढेच दोन मार्ग शेतकऱ्यापुढे होते. समजा, एखाद्याकडे २० क्विंटल कापूस होता. आधारभूत किमतीने त्याचे १,११,००० रुपये होतात. तोच कापूस गरजेपोटी ४,५०० रुपये भावाने विकला तर ९०,००० रुपये हाती येतात. फरक २१,००० रुपयांचा झाला. त्या वर्षी बीटी कापसाच्या बियाण्याचे पाकीट ७३० रुपयांस होते. म्हणजे केवळ या फरकात २८ पाकिटे आली असती. परंतु पेरणीस पैसा हवा आणि पाळी तर जून उलटल्यावर येणार, अशा अडचणीत सापडलेल्या माणसास हा हिशेब कळत असूनही पाळता येत नाही.

ज्यांचे पीकपेऱ्याची नोंद असलेले सात-बारा, आधारपत्र व बँकेचे पासबुक तयार होते त्यांची नावे नोंदणीत आधी लागली. ज्यांच्या सात-बारावर कापसाऐवजी दुसरेच पीक लागलेले होते, त्यांना आधी तलाठ्याकडून नोंद दुरुस्त करून घ्यावी लागली आणि त्या काळात कार्यालयापर्यंत जाणे हेच मोठे काम होते. दुसरी गोष्ट ओलाव्याची. ८ टक्के ओलाव्याचा कापूस पूर्ण भावास पात्र असतो. त्यापेक्षा अधिक ओलाव्यास कपात होते आणि १२ टक्क्यांपलीकडे माल नाकारला जातो. पहिल्या वेचणीचा स्वच्छ कापूस व शेवटच्या वेचणीची कवडी एकाच ढिगात टाकली असेल, तर पाळी येऊनही गाडी परत न्यावी लागते.

तूर, हरभरा व सोयाबीन यांच्या बाबतीत तिसरा मार्गही असतो. राज्य कृषी पणन मंडळाने १९९०-९१ पासून बाजार समित्यांमार्फत शेतमाल तारण कर्ज योजना चालविली आहे. तिच्यात गोदामात ठेवलेल्या मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी द.सा.द.शे. ६ व्याजाने मिळण्याची सोय होती. समजा, ५,००० रुपये भावाची १० क्विंटल तूर ठेवली, तर ३७,५०० रुपये हाती येतात आणि चार महिन्यांचे व्याज ७५० रुपये होते. भाव क्विंटलला १०० रुपयांनी जरी सुधारला तरी हे व्याज निघून जाते. या योजनेतील मालाच्या यादीत कापूस नव्हता. म्हणून ज्याच्या घरी तूर व कापूस दोन्ही होते त्याने तूर तारण ठेवून पेरणीची गरज भागवावी व कापसास पाळी येईपर्यंत थांबावे, हा शहाणपणाचा मार्ग होता. आपल्या बाजार समितीत ही योजना चालते की नाही व तिच्या चालू अटी काय आहेत, हे संकटापूर्वीच विचारून ठेवावे.

पीककर्ज व रोख मदत

प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिल २०२० मध्ये खात्यावर देण्यात आला. जनधन खाते असलेल्या स्त्रियांना तीन महिने दरमहा ५०० रुपये मिळाले. पीककर्जफेडीची मुदत प्रथम ३१ मेपर्यंत व नंतर ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून वेळेवर फेडणाऱ्यास मिळणारी व्याजाची सवलत त्या तारखेपर्यंत चालू ठेवण्यात आली. महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेचे काम साथीमुळे अर्धवट राहिले होते. ज्या पात्र शेतकऱ्यांची रक्कम बँकेस मिळालेली नव्हती, त्यांची थकबाकी शासनाकडून येणे आहे असे समजून त्यांना खरिपासाठी नवे कर्ज द्यावे, असे राज्य शासनाने मे महिन्यात बँकांस कळविले.

येथेही मुदतवाढ म्हणजे माफी, असा समज करून घेऊ नये. मुदत वाढली याचा अर्थ फेडण्यास वेळ मिळाला एवढाच होतो. ज्यांनी ३१ ऑगस्ट ही तारीख नजरेआड केली त्यांची व्याजाची सवलत गेली.

बी-खत बांधावर

शेतकऱ्यांची दुकानांपुढे गर्दी होऊ नये म्हणून २०२० च्या खरिपात कृषी विभागाने गटांमार्फत मागणी एकत्र करून बियाणे व खते बांधावर पोचविण्याची मोहीम राज्यभर घेतली. जेथे शेतकरी गट आधीपासून चालू होता तेथे हे काम सोपे झाले. गटाने यादी केली, एकाच मोटारीने माल आणला आणि वाहतुकीचा खर्च वाटून घेतला. जेथे गट केवळ कागदावर होता तेथे प्रत्येकास स्वतःच दुकानापर्यंत जावे लागले.

त्याच हंगामात सोयाबीनचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारी विदर्भ व मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर आल्या. २०१९ च्या काढणीत झालेल्या अवकाळी पावसाने बियाण्याची उगवणशक्ती मुळातच कमी झाली होती. ज्यांनी बियाण्याची पिशवी, खूण व पावती जपून ठेवली त्यांना तक्रार करता आली. ज्यांनी उगवणशक्ती आधी पाहिली त्यांच्यावर दुबार पेरणीची पाळी येण्याचा धोका कमी होता.

ही परीक्षा घरच्या घरी होते. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत सोयाबीनचे १०० दाणे मांडावेत, त्यावर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी व ती सावलीत ओलसर ठेवावी. सहा-सात दिवसांनी चांगले कोंब आलेले दाणे मोजावेत. ७० किंवा अधिक दाणे उगवल्यास हेक्टरी ७५ किलो बियाणे वापरावे. उगवण ७० पेक्षा कमी असल्यास त्या मानाने बियाणे वाढवावे व ६० पेक्षा कमी असल्यास ते पेरू नये. सोयाबीन हे स्वपरागित पीक असल्याने प्रमाणित बियाण्यापासून आलेले उत्पादन दोन-तीन वर्षे बियाणे म्हणून वापरता येते. ज्या घरात असे तपासलेले बियाणे असते, त्या घराचे निदान बियाण्यापुरते तरी रस्त्यावाचून अडत नाही.

बाजारपेठेतील लहान धंदे

शेतकऱ्याचे व बाजारपेठेचे नाते अतूट आहे. मानोऱ्याचा शिंपी, गाडी दुरुस्त करणारा कारागीर, चहावाला व आठवडी बाजारात बसणारा भाजीवाला हे सर्व शेतकऱ्याच्या पैशावर जगतात. पोहरादेवीची रामनवमीची यात्रा २०२० मध्ये भरू शकली नाही. तेव्हा वर्षभराची कमाई त्या काही दिवसांत करणाऱ्या लहान विक्रेत्यांचे नुकसान झाले.

धंद्यांसाठी १३ मे २०२० रोजी ३ लाख कोटी रुपयांची तारणाशिवायच्या कर्जांची योजना जाहीर झाली. २९ फेब्रुवारी २०२० रोजी ज्याच्याकडे जेवढे कर्ज येणे होते त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवे कर्ज, चार वर्षांची मुदत, पहिले वर्ष मुद्दलाची फेड नाही आणि परतफेडीची हमी शासनाची, असे तिचे स्वरूप होते. ही सोय मोठी होती, परंतु ज्याच्या नावे त्या दिवशी बँकेचे कर्जच नव्हते त्यास तिचा लाभ नव्हता. सावकाराकडून किंवा नातलगाकडून भांडवल घेऊन दुकान चालविणारा माणूस योजनेच्या बाहेर राहिला.

१ जून २०२० पासून पथविक्रेत्यांसाठी ‘स्वनिधी’ योजना आली. २४ मार्च २०२० रोजी किंवा त्यापूर्वी नागरी हद्दीत विक्री करणाऱ्यास १०,००० रुपयांपर्यंत खेळते भांडवल एक वर्षाच्या मुदतीने व वेळेवर फेडल्यास ७ टक्के व्याज-अनुदानासह मिळू शकत होते. आसपासच्या खेड्यांतून येऊन शहरात बसणारे विक्रेतेही तिच्यात होते. मानोऱ्यास नगरपंचायत असल्याने तेथील विक्रेत्यांस हा मार्ग खुला होता. त्यासाठी विक्रेता असल्याचा दाखला मात्र हवा होता.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने कर्जाचे हप्ते थांबविण्याची मुभा दिली होती. परंतु व्याज थांबले नव्हते. ५०,००० रुपयांच्या कर्जावर १२ टक्के दराने महिन्यास ५०० रुपये, म्हणजे सहा महिन्यांत ३,००० रुपये व्याज चढते. ज्यास हप्ता भरणे शक्य होते त्याने तो भरणेच हिताचे होते.

परतलेले मजूर

तालुक्यातील तांड्यांवरून व गावांतून कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे या काळात परत येऊ लागली. कारखान्यांच्या परिसरात अडकलेल्या ऊसतोड कामगारांना आरोग्य तपासणीनंतर गावी जाऊ देण्याचा निर्णय राज्य शासनाने १७ एप्रिल २०२० रोजी घेतला. रोजगार हमीची मजुरी १ एप्रिलपासून राज्यात २०६ रुपयांवरून २३८ रुपये झाली होती. परंतु काम मागण्यास जॉबकार्ड हवे, आणि काम देण्यास ग्रामपंचायतीकडे मंजूर कामांची यादी हवी. ज्या गावी शेततळी, बांधबंदिस्ती व वृक्षलागवड यांची कामे आराखड्यात तयार होती, त्या गावी परतलेल्या हातांस काम लवकर देता येण्यासारखे होते.

पुढील तयारी

साथ पुन्हा केव्हा येईल हे सांगता येत नाही. परंतु अतिवृष्टी, पूर किंवा रस्ता बंद पाडणारे दुसरे कोणतेही संकट आले तरी गावाची परीक्षा याच ठिकाणी होते. यास्तव प्रत्येक गावाने वर्षातून एकदा, शक्यतो गुढीपाडव्याच्या सुमारास, पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

१. शिधापत्रिकेवर घरातील सर्व माणसांची नावे व आधार क्रमांक आहेत काय?
२. बँकेचे खाते चालू व आधाराशी जोडलेले आहे काय?
३. सात-बारावर या वर्षीचे खरे पीक लागले आहे काय?
४. बियाणे, खते व औषधे यांच्या पावत्या एका ठिकाणी आहेत काय?
५. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवणशक्ती तपासली आहे काय?
६. जॉबकार्ड व ग्रामपंचायतीची कामांची यादी तयार आहे काय?
७. शेतकरी गट व महिला बचत गट खरोखर चालू आहेत काय?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे काम विधवा स्त्रिया, कुळाने किंवा बटईने शेती करणारे आणि बाहेरगावी कामास जाणारी कुटुंबे यांच्यापासून सुरू करावे. कारण कागद नसल्यामुळे मदतीपासून वंचित राहणारा माणूस बहुधा हाच असतो, आणि ऐन संकटात कार्यालयाच्या खेपा घालण्याचे बळही त्याच्या अंगी सर्वांत कमी असते.

पाऊस येण्यापूर्वी घर शाकारून ठेवावे, हे शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. गळके छप्पर पावसात दुरुस्त होत नाही, हे तो जाणतो. नोंदी, बियाणे व गट यांच्या बाबतीतही तीच दृष्टी ठेवावी, म्हणजे पुढील संकटात शासनाने पाठविलेली मदत वेशीपाशी न अडता चुलीपर्यंत पोचेल.